ट्रायकोडर्मा रोहिणीच्या आधी द्या : कृषी पत्तीन संघांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, संचालक आणि कार्यदर्शी,
सर्व प्राथमिक कृषी पत्तीन (पतपुरवठा) सहकारी संघ,
तालुका बेळगाव व तालुका खानापूर

विषय : भातासाठी ट्रायकोडर्मा बुरशीची खरेदी, साठवण आणि विक्री

सप्रेम नमस्कार,

कर्ज असो, खत असो की बियाणे, आपल्या भागातला भात पिकवणारा शेतकरी आधी संघाची पायरी चढतो. म्हणून हे पत्र कुठल्या खात्याला न लिहिता तुम्हाला लिहीत आहोत. ट्रायकोडर्माचे कोणते पाकीट आणायचे, कधी आणायचे, गोदामात कुठे ठेवायचे आणि देताना काय सांगायचे, हे तुमच्याच हातात आहे. भातात या बुरशीचा उपयोग होतो की पैसे पाण्यात जातात, हे बहुतेक वेळा पाकीट शेतात पोचायच्या आधीच ठरलेले असते.

आमचे मुख्य म्हणणे असे की ट्रायकोडर्मा हा मे महिन्यात विकायचा माल आहे. रोहिणी नक्षत्राच्या, म्हणजे मेअखेरच्या पेऱ्याआधी तो शेतकऱ्याच्या घरात हवा. श्रावणात पानावर करपा दिसू लागला की मगच पाकिटे खपतात, असे जिथे चालते तिथे ती न विकलेली बरी. याचे कारण नीट सांगायला हवे, कारण ते कळले की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

ट्रायकोडर्मा ही जमिनीत आपणहून राहणारी बुरशी. ती दुसऱ्या बुरशींवर जगते. रोगाच्या बुरशीच्या धाग्याभोवती वेटोळे घालते, कायटिनेज आणि ग्लुकानेज ही पाचक द्रव्ये सोडून त्या धाग्याची भिंत विरघळवते आणि आतला रस खाते. 1932 साली वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने हे पहिल्यांदा दाखवले ते रायझोक्टोनिया बुरशीवर. आपल्या भातात पर्णकोष करपा आणणारी बुरशी तीच. याशिवाय मुळाभोवतीची जागा आणि अन्न आधीच बळकावून बसणे, काही विषारी द्रव्ये सोडणे आणि रोपाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करणे, अशीही तिची कामे आहेत. शेवटचे काम महत्त्वाचे, कारण मुळावर बसलेल्या बुरशीचा थोडाफार फायदा पानापर्यंत पोचतो तो त्याच मार्गाने.

पण तिला हवा लागते. पाणी साचलेल्या चिखलात प्राणवायू संपतो आणि तिची वाढ थांबते. हरभऱ्यात, मिरचीत, आल्यात ज्या पद्धतीने ती वापरतात ती भातात जशीच्या तशी चालत नाही, ती यामुळेच. भाताच्या हंगामात तिला हवा मिळते ती मोजक्या वेळी : बियाण्यावर असताना, धूळवाफ (पावसाआधी कोरड्या जमिनीत केलेल्या) पेरणीनंतर पाणी साचेपर्यंतच्या दिवसांत, रोपांच्या गादीवाफ्यावर आणि नट्टीच्या, म्हणजे रोपांच्या लावणीच्या वेळी उपटलेल्या मुळांवर. त्यानंतर बांध भरले की तिचा काळ संपला. बेळगाव तालुक्यात आणि खानापूरच्या पूर्व भागात कुरीने (पाभरीने) धूळवाफ पेरणी होते ही तर या बुरशीसाठी फार सोयीची गोष्ट आहे. पेरल्यापासून शिवार भरेपर्यंत तिला तीन-चार आठवडे कोरडी-ओलसर, हवेशीर जमीन मिळते. नट्टी करणाऱ्या गावांना ती सोय नाही, त्यांना रोपवाटिकेतच काम उरकावे लागते.

आता पाकिटावरच्या आकड्याविषयी. ट्रायकोडर्मा कायद्याने खत नाही, 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी होणारे जैविक बुरशीनाशक आहे. भुकटीच्या नोंदणीसाठी एका ग्रॅममध्ये किमान 20 लाख जिवंत एकके (सी.एफ.यू., म्हणजे साधारण जिवंत बीजाणू) हवीत आणि ओलावा 8 टक्क्यांपेक्षा जास्त नको. हा 20 लाखांचा आकडा मोठा वाटतो, पण हिशेब करून पाहा. किलोभर भातात साधारण 40 हजार दाणे असतात. किलोला 10 ग्रॅम भुकटी लावली तर दाण्यामागे सुमारे 500 बीजाणू येतात. दाणा वाचवायला ते पुरतात. आता तेच पाकीट पत्र्याच्या गोदामात एप्रिल-मेच्या उन्हात पडून राहिले आणि दहातला एकच बीजाणू जिवंत उरला, तर दाण्यावर 50 उरले. बाहेरून पाकीट तसेच दिसते, भुकटीचा रंगही फारसा बदलत नाही.

दुसरा हिशेब त्याहून डोळे उघडणारा आहे. एकरभर जमिनीचा वरचा अर्धा फूट थर म्हणजे अंदाजे आठ लाख किलो माती. एक किलो पाकीट त्यात थेट फोकले तर मातीच्या एका ग्रॅमला दोन-तीन बीजाणू मिळतात. तिथे आधीच लाखो जंतू ठाण मांडून बसलेले असतात, त्यात हे दोन-तीन काय करणार? म्हणून भुकटी युरियात किंवा मातीत मिसळून एकरभर उधळणे हा निव्वळ वाया जाणारा खर्च आहे. जमिनीत द्यायची तर आधी शेणखतात वाढवूनच द्यावी लागते. त्याची रीत पुढे दिली आहे.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो बियाण्यावर. विकतचे बियाणे पुष्कळदा रासायनिक बुरशीनाशक लावूनच येते. त्यावर लाल-गुलाबी रंग असतो आणि पिशवीवर कशाची प्रक्रिया केली ते छापलेले असते. त्यात कार्बेन्डाझिम असेल तर त्याच दाण्यावर ट्रायकोडर्मा लावणे म्हणजे तिला विष देऊन पेरणे. कार्बेन्डाझिम, थायोफनेट मिथाइल आणि हेक्साकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल या गटातली बुरशीनाशके ट्रायकोडर्माला अगदी कमी प्रमाणातही मारतात. उलट मेटालॅक्सिल तिला बऱ्यापैकी सोसवते. तेव्हा काउंटरवरच्या माणसाने रंगीत बियाणे आणि ट्रायकोडर्मा एकाच पावतीवर देताना दोन प्रश्न विचारायला हवेत : पिशवीवर काय लिहिले आहे, आणि पाकीट कुठे वापरणार? उत्तर ‘याच बियाण्याला’ असे आले तर अडवावे. प्रक्रिया केलेले बियाणे धुऊन ट्रायकोडर्मा लावण्याची शक्कल काही जण लढवतात, तीही नको. औषध पूर्ण निघत नाही आणि धुतलेले विषारी पाणी कुठे ओतायचे हा नवा प्रश्न उभा राहतो. अशा शेतकऱ्याला शेणखतातून देण्याची रीत सांगावी.

घरच्या बियाण्याची गोष्ट वेगळी. इंद्रायणी किंवा बासमतीचे बी घरचेच ठेवणारे आपल्याकडे अजून भरपूर आहेत, आणि ट्रायकोडर्माचा खरा गिऱ्हाईक तोच. त्याला सांगायची कृती अशी. दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवावे, त्यात बी ओतून ढवळावे. तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत. करपा, तपकिरी ठिपके आणि बकाने (रोप पिवळे पडून उंच वाढते तो) या रोगांचा बराच संसर्ग या हलक्या दाण्यांतूनच येतो. तळाचे बी साध्या पाण्याने दोन-तीन वेळा खळखळून धुवावे. इथे आळस केला तर मिठाने उगवण मार खाते. मग सावलीत चोवीस तास पसरून वाळवावे.

पेरणीच्या दिवशी, आदल्या दिवशी नाही, दहा किलो बियाण्याला 100 ग्रॅम ट्रायकोडर्मा घ्यावा. पाव लिटर थंड झालेली पातळ पेज किंवा गुळाचे पाणी घेऊन त्यात भुकटी कालवावी आणि बियाण्यावर शिंपडत पोत्यावर हलक्या हाताने चोळावे. द्रावण जास्त झाले तर बी चिकटून कुरीच्या नळीत अडकते, कमी झाले तर भुकटी पोत्यालाच राहते. दाणा नुसता पांढुरका, ओलसर दिसला म्हणजे जमले. अर्धा-पाऊण तास सावलीत सुकवून लगेच पेरावे. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर ठेवू नये, उन्हात तर मुळीच वाळवू नये. एकरी 25 ते 30 किलो बी कुरीने पडते असे धरले तर 300 ग्रॅममध्ये एकर निभावतो. म्हणजे एक किलोचे पाकीट तीन एकरांना होते. आमचा आग्रह आहे की लहान पाकिटेही मागवा. उरलेले उघडे पाकीट पुढच्या वर्षी वापरण्याची सवय आपल्याकडे चांगलीच मुरलेली आहे.

नट्टीसाठी रोप टाकणाऱ्यांनी बी भिजवतानाच काम करावे. किलो बियाण्याला एक लिटर पाणी, त्यात 10 ग्रॅम भुकटी आणि रात्रभर भिजवण. सकाळी पाणी निथळून बी पोत्यात मोड यायला ठेवावे आणि निथळलेले पाणी वाफ्यावरच शिंपडावे. पाणी नळाचे असेल तर आदल्या दिवशी उघड्या भांड्यात भरून ठेवावे. पावसाच्या तोंडावर गावच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात, तेव्हाही तेच. क्लोरीन बुरशी ओळखत नाही, चांगली आणि वाईट दोन्ही मारते. एक एकर नट्टीला चार गुंठ्यांची रोपवाटिका लागते. तिथे एक किलो ट्रायकोडर्मा वाढवलेले 50 किलो शेणखत गादीवाफ्यावर पसरून वरच्या दोन बोटे मातीत मिसळावे. जिथे अजून राब भाजतात (रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा जाळतात) तिथे माती पूर्ण थंड झाल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे खत द्यावे. भाजलेल्या मातीच्या वरच्या थरात इतर जंतू कमी झालेले असतात आणि अशा मोकळ्या जागेत ट्रायकोडर्मा फार झपाट्याने पसरतो.

भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत मिसळण्याची शिफारस आहे आणि ती योग्यच आहे. राखेतल्या सिलिकामुळे पान कणखर होते आणि करपा कमी लागतो. पण ताजी राख आणि ट्रायकोडर्माचे खत एकाच टोपलीत कालवू नये. राख अल्कधर्मी, आणि या बुरशीला थोडी आंबट जमीन मानवते. वाफा तयार करताना राख आधी मिसळून घ्यावी, खत आठवड्याने द्यावे. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या तांबड्या आंबट जमिनीत तिचे सहसा चांगले चालते. तिथे कोणी चुना देत असेल तर चुन्यानंतर दोन-तीन आठवडे थांबावे.

नट्टीच्या दिवशी मुळे बुडवण्याची रीत कष्टाची आहे, म्हणून लोक टाळतात, पण पर्णकोष करपा दरवर्षी येणाऱ्या शेतात ती सोडू नये. मुळांचा चिखल धुऊन काढावा. लिटरला 10 ग्रॅम या प्रमाणात टपात द्रावण करून जुड्यांची मुळे अर्धा तास बुडवावीत. एकराला 50 लिटर द्रावण, म्हणजे अर्धा किलो भुकटी पुरते. भुकटीतला शंखजिऱ्याचा अंश तळाशी बसतो आणि त्याबरोबर बीजाणूही, त्यामुळे दर काही मिनिटांनी ढवळायलाच हवे. पाणी चिखलासारखे झाले की ओतून द्यावे आणि नवे करावे. लावणीनंतर लगेच शेत गच्च भरू नये. चार-पाच दिवस चिखल नुसता ओला ठेवता आला तर मुळावरच्या बुरशीला पाय रोवायला वेळ मिळतो. पाऊस कोणाचे ऐकत नाही हे खरे, पण जिथे पाटाचे किंवा बोअरचे पाणी आहे तिथे हे हातात असते.

पर्णकोष करप्याचे आणखी एक सांगायला हवे. रायझोक्टोनियाचे राईएवढे तपकिरी कठीण गोळे, ज्यांना शास्त्रात स्क्लेरोशिया म्हणतात, ते जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात आणि चिखलणी करताना पाण्यावर तरंगतात. वाऱ्याने ते बांधाच्या कोपऱ्यात केरकचऱ्यासह गोळा होतात. पाण्याच्या पातळीवर पर्णकोषाला चिकटून रोगाची सुरुवात तिथूनच होते, म्हणून पहिले चट्टे नेहमी पाण्याच्या रेषेजवळ आणि बांधाकडच्या ओळींत दिसतात. चिखलणीनंतर कोपऱ्यातला तो फेस-कचरा जाळीच्या चाळणीने काढून शेताबाहेर पुरला तर निम्मी लढाई फुकटात झाली. बळ्ळारी नाल्याला पूर आला की येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारात एकाचा कचरा दुसऱ्याच्या शेतात जातो, तिथे हे काम एकट्यादुकट्याने करून फारसे भागत नाही. शेजारच्या शेतांनी मिळून केले पाहिजे, आणि असे सांगणे संघाला जमते, एका शेतकऱ्याला नाही.

शेणखतात वाढवण्याची रीत. चांगले कुजलेले शेणखत 90 किलो, निंबोळी पेंड 10 किलो, ट्रायकोडर्मा एक ते दोन किलो. सावलीत, गोठ्याच्या किंवा झाडाच्या आडोशाला, थरावर थर देऊन कालवावे. पाणी शिंपडून ओल अशी ठेवावी की मूठ दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. ढिगाची उंची फुटा-दीड फुटापेक्षा जास्त नको. वर ओले पोते झाकावे, प्लास्टिक नाही. तीन-चार दिवसांनी एकदा पलटावे आणि ओल बघावी. दहा ते पंधरा दिवसांत पृष्ठभागावर पांढरी आणि मग हिरवी बुरशी दिसते, तेव्हा खत तयार. हे खत एका एकराच्या कुरीच्या पेरणीला शेवटच्या कुळवणीबरोबर द्यावे. म्हणजे रोहिणीत पेरायचे तर ढीग मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लागला पाहिजे, आणि पाकीट त्याआधी हवे. आमच्या सगळ्या आग्रहाचे मूळ या पंधरा दिवसांत आहे.

ढीग बिघडतो त्याची कारणे ठरलेली आहेत. शेण ताजे असले की ढीग तापतो, आत हात घालवत नाही, आणि चाळीस अंशांच्या पुढे ट्रायकोडर्मा तग धरत नाही. पाणी जास्त झाले की आंबूस-सडका वास येतो, म्हणजे हवा संपली. काळी पूड धरली तर ती वेगळीच बुरशी आहे. छत्र्या उगवल्या तर ढीग अर्धकच्चा होता. खत पेरताना युरिया किंवा डीएपीबरोबर एकाच टोपलीत मिसळू नये. तणनाशकाच्या द्रावणात तर भुकटी घालूच नये.

आता ज्याबाबत खोटी आशा दाखवली जाते ते. पानावर करप्याचे डोळ्याच्या आकाराचे ठिपके दिसू लागल्यावर ट्रायकोडर्मा फवारून तो थांबत नाही. करप्याचे बीजाणू रात्रीच्या दवात, वीस ते पंचवीस अंशांच्या गारव्यात, पान आठ-दहा तास ओले राहिले की आत शिरतात. उत्तरा-हस्त नक्षत्रांच्या (सप्टेंबर-ऑक्टोबरच्या) धुक्यात मानमोडी, म्हणजे लोंबीच्या मानेवरचा करपा, येते ती अशीच. अशा वेळी ट्रायसायक्लाझोल 75 टक्के भुकटी, लिटरला 0.6 ग्रॅम, हाच शहाणपणाचा उपाय आहे, तोही फुटवे आणि पोटरीच्या अवस्थेत वेळेवर. ट्रायकोडर्माची पाकिटे संपवण्यासाठी त्या शेतकऱ्याचे चार दिवस घालवू नका. फक्त हे ध्यानात असू द्या की युरोपीय संघाने 2018 साली तांदळातल्या या औषधाच्या अवशेषाची मर्यादा किलोला 0.01 मिलिग्रॅमवर आणली होती. सुवासिक तांदूळ ज्यांना पुढे चांगल्या बाजारात न्यायचा आहे त्यांनी फवारण्या कमीत कमी ठेवाव्यात, लोंबी बाहेर पडल्यानंतर उगाच एक वाढीव हात मारू नये. बी, रोप आणि जमीन आधीपासून सांभाळली तर फवारण्यांची संख्या कमी होऊ शकते, ट्रायकोडर्माकडून एवढीच अपेक्षा ठेवावी. नत्राचा हात सैल सोडणाऱ्याला तीही ठेवता येणार नाही. हिरवागार, लुसलुशीत भात करप्याला सगळ्यात आधी बळी पडतो.

कडा करपा हा तर जिवाणूंचा रोग. पान टोकाकडून आणि कडेने पिवळे होत वाळते, पहाटे त्यावर दुधाळ थेंब दिसतात. त्यावर ट्रायकोडर्मा, बुरशीनाशक, काहीच चालत नाही. अशा शेतात नत्र थांबवणे आणि पाणी काढून टाकणे हे पहिले काम. आणि काउंटरवर एकसारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या पाकिटांत बिव्हेरिया आणि मेटारायझियमही असतात, त्या किडींवरच्या बुरशी आहेत. स्यूडोमोनास हा जिवाणू आहे. ही चार पाकिटे चार वेगळ्या फळ्यांवर ठेवा, एवढे केले तरी निम्मी गफलत टळेल.

खरेदी करताना पाकिटावर पाहायच्या गोष्टी : कीटकनाशक कायद्याखालचा नोंदणी क्रमांक, बुरशीचे पूर्ण नाव, सी.एफ.यू.ची संख्या, तयार केल्याची तारीख आणि मुदत. नोंदणी क्रमांक नाही, नुसते ‘सेंद्रिय’, ‘जैविक टॉनिक’ असे लिहिले आहे, ते घेऊ नका, दर कितीही पडता असो. मुदतीत शेवटचे दोन-तीन महिने उरलेला माल सवलतीत मिळतो, तोही नको. माल एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला उचला. फेब्रुवारीत उचलून गोदामात भाजत ठेवण्यात काहीच नफा नाही. साठवण पत्र्याखाली नको, खताच्या थप्पीवर नको, खिडकीच्या उन्हात नको. कार्यालयातली कौलारू, थंड, कोरडी खोली त्यापेक्षा बरी. धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ आणि जिल्ह्यातली मत्तिकोप्प व तुक्कानट्टी येथील कृषी विज्ञान केंद्रे सल्ल्याला आहेत, खरेदी ठरवण्याआधी त्यांना विचारायला हरकत नाही.

प्रत्येक लॉट जिवंत आहे की नाही हे संघातच पाहता येते. दोन रुंद तोंडाच्या काचेच्या बाटल्या घ्या. मूठ-मूठ तांदूळ अर्धवट शिजवून, पाणी निथळून, बाटल्यांत भरा. तोंडाला कापसाचा बोळा घट्ट बसवून प्रेशर कुकरमध्ये वीस मिनिटे वाफवा. पूर्ण गार झाल्यावर, चुलीशेजारी किंवा मेणबत्तीजवळ, वारा नसताना, एका बाटलीत चिमूटभर भुकटी टाकून बोळा लावा आणि हलवा. दुसरीत काहीच टाकू नका. खोलीतच, उन्हापासून दूर ठेवा. दोन-तीन दिवसांत पहिल्या बाटलीत पांढरे जाळे आणि पाच-सहा दिवसांत गडद हिरवा रंग आला तर माल जिवंत आहे. काळे किंवा नारिंगी डाग आले, चिकट आंबूस पाणी सुटले, तर माल भेसळीचा. पण दुसऱ्या बाटलीतही काही उगवले असेल तर दोष तुमच्या वाफवण्याचा, पुरवठादाराचा नाही. चाचणी पुन्हा करा. यातून संख्या कळत नाही, जिवंत की मेलेले एवढेच कळते. संख्येची शंका असेल तर कीटकनाशक निरीक्षकाकडून रीतसर नमुना घ्यायला लावता येतो. तो अधिकार कायद्याने त्यांना आहे.

ही बाटली पाहून संघातच भुकटी तयार करावी असे कोणाला वाटेल. आमचे मत विरुद्ध आहे. निर्जंतुक खोली आणि प्रशिक्षित हात नसताना दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला बाटलीत काय वाढते याचा भरवसा नसतो. शेणखताचे ढीग मात्र संघाने सामूहिक लावावेत, त्यात धोका कमी आणि सोय जास्त. फक्त बचत गटाच्या बायका जिथे भाताच्या पेंढ्यावर धिंगरी अळंबी पिकवतात, तिथून ढीग लांब ठेवा. ट्रायकोडर्माच्या जातभाई अळंबीच्या पिशव्यांत हिरवी बुरशी म्हणून शिरतात आणि पीक बुडवतात.

सुगीनंतरचा एक फायदा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. भात निघाल्यावर ओलीवर आपण मसूर, वाटाणा, हरभरा पेरतो. तेव्हा शेतात पाणी नसते, जमीन हवेशीर असते आणि या पिकांना मर रोग लागतो तो जमिनीतल्या फ्युजेरियम बुरशीमुळे. तिथे ट्रायकोडर्मा भातापेक्षा चोख काम करतो. तेव्हा दुसरी खरेदी ऑक्टोबरात करा, थोडी आणि ताजी. या पिकांनाही बीजप्रक्रिया पेरणीच्या दिवशीच. रायझोबियम जिवाणूही लावायचा असेल तर आधी ट्रायकोडर्मा लावून सावलीत सुकवावा आणि शेवटी रायझोबियम.

आता तुमच्याकडून काय हवे ते. एप्रिलमधल्या संचालक मंडळाच्या बैठकीत खताच्या मागणीबरोबर ट्रायकोडर्माची मागणी ठरवा, गावात कुरीचा पेरा किती आणि नट्टी किती हे पाहून. पाकिटाबरोबर एक पानी माहितीपत्रक द्या, एका बाजूला कन्नड आणि एका बाजूला मराठी. पाकिटावरची बारीक इंग्रजी अक्षरे वाचून कोणी बीजप्रक्रिया करत नाही. पावतीवर लॉट क्रमांक टाका. ऑगस्टनंतर भातासाठी म्हणून हे पाकीट विकू नका, मागितले तरी. आणि गावातल्या दोन-तीन तयार शेतकऱ्यांना अर्ध्या वाफ्याला प्रक्रिया केलेले आणि अर्ध्याला न केलेले बी पेरायला सांगा. जात एकच, खत एकच, पेरणीचा दिवस एकच. पेरल्यानंतर तीन आठवड्यांनी दोन्हीकडची रोपे उपटून मुळे पाण्यात धुऊन शेजारी शेजारी ठेवा, मेलेली आणि पिवळी उंच वाढलेली रोपे मोजा, पोटरीच्या वेळी पाण्याच्या रेषेजवळचे चट्टे मोजा आणि हे आकडे संघाच्या फळ्यावर लिहा. फरक दिसला नाही तर तेही लिहा, आणि त्या लॉटचे एक न उघडलेले पाकीट तपासणीसाठी बाजूला ठेवलेले असू द्या.

आपले,
बेळगाव व खानापूर तालुक्यांतील काही भात उत्पादक आणि कृषी पदवीधर